उमरेडच्या आकाशातली उजळणी

मानवी मनाच्या अथांग गाभाऱ्यात, जिथे ऋषिमुनींनाही पोचता आलं नव्हतं, तिथे विज्ञानाचा पहिला किरण पडला तो मिरजेत. युगानुयुगं कोणाच्याही ओठांवर न आलेलं जे पहिलं वाक्य त्या किरणात झळाळून उठलं, ते असं होतं: "उपम्यात आज मीठ जास्त झालंय."

वाक्य दत्तोपंत कुलगुड या निवृत्त मुख्याध्यापकांचं होतं. तंबाखूपायी त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं, आणि मिरजेच्या डॉक्टर सुमती केरूर यांनी त्यांच्या गळ्याला एक पट्टी चिकटवून पाहिली होती. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदूकडून जिभेच्या, जबड्याच्या, गळ्याच्या स्नायूंना विजेचे बारीक निरोप जातात. पट्टी ते निरोप वाचते, तिच्यातला संगणक त्यांचे शब्द जुळवतो आणि बोलून दाखवतो. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे होतं. अडचण अशी, की माणसाने ऐन वेळी बोलायचं रद्द केलं तरी निरोप निघून गेलेले असतात. ओठ हलत नाहीत, पण स्नायू थरथरतात, आणि पट्टीला तेवढं पुरतं. दत्तोपंतांनी उपम्याबद्दल काहीही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, लग्नाला जितकी वर्षं झाली तितकी वर्षं ठरवलं होतं. पट्टीला हे कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याचा आवाज परत मिळाल्याचा कुलगुडबाईंचा आनंद न्याहारीपर्यंत टिकला.

डॉक्टर केरूर हुशार. उपकरणातला दोष म्हणून त्यांनी तो सोडून दिला नाही. माणूस बोलतो त्यापेक्षा कितीतरी जास्त गिळतो, हे त्यांनी मोजून सिद्ध केलं. हे घरोघरी माहीत होतं, पण मोजलं की त्याला शोध म्हणतात.

या शोधाने सगळ्यात जास्त कोण हलले, तर विमानवाले. विमान पडतं तेव्हा पुष्कळदा असं आढळतं, की कॅप्टनची चूक शेजारच्या धाकट्या वैमानिकाला दिसलेली होती. तो बोलला नाही. किंवा बोलला, पण अशा शब्दांत, की "सर, आज डोंगर जरा जवळच वाटतात, नाही का?" मोठ्या माणसाला तोंडावर चूक दाखवायची म्हणजे जीव जातो, न दाखवल्यास शंभर जणांचा जातो, पण तो जरा नंतर. हा हिशेब माणसाला भिडेपोटी कधी नीट करता आलेला नाही. तेव्हा तो यंत्राने करावा असं ठरलं.

कंपन्यांनी पट्टीत दोन सुधारणा करून घेतल्या. एक, ती फक्त विमानाच्या सुरक्षेशी संबंध असलेलीच वाक्यं बोलेल. बाकीची ऐकून सोडून देईल. दोन, वाक्य गिळलं गेल्यावर ती एक श्वासभर थांबेल. तेवढ्यात माणूस स्वतः बोलला तर उत्तम. नाही बोलला, तर कॉकपिटच्या स्पीकरमधून एक सपाट, ना बाईचा ना बाप्याचा आवाज ते वाक्य जसंच्या तसं म्हणून टाकेल. पट्टीवर हिरवा दिवा ठेवला होता. गळ्यात शब्द हलले की तो लुकलुके. यंत्राचं सरकारी नाव 'प्रकट'. वैनगंगा एअरलाइन्सच्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'चोंबडी' ठेवलं, आणि मग सरकारी कागदांतही कधीमधी तेच पडायला लागलं.

चोंबडीमुळे उड्डाणं सुरक्षित झाली, यात वाद नाही. आणि साधारण त्याच सुमारास वैमानिक मंडळी मनातल्या मनात पाढे म्हणायला लागली.

कारण सोपं आहे. गळ्याच्या स्नायूंना एका वेळी एकच वाक्य पेलतं. अडचणीचा विचार शब्द धरायला लागला, की त्याच्या आत सत्ताविसाचा पाढा घुसवून द्यायचा. दिवा लुकलुकतो, चोंबडी कान टवकारते, तिला 'सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी' ऐकू येतं, आणि यात विमानाच्या सुरक्षेचं काही नाही असं पाहून ती गप्प बसते. ही युक्ती कोणी शोधली ते ठाऊक नाही. सगळे ती करत होते, आणि आपण एकटेच करतो असं प्रत्येकाला वाटत होतं, कारण याबद्दल कोणी कोणाशी बोलायचं हेही भिडेचंच काम होतं.

*

शर्वरी नाईकनवरे ही वैनगंगात सहवैमानिक होती. मूळची साताऱ्याची, हात सफाईदार, वाऱ्यापावसात विमान उतरवताना प्रवाशाच्या पेल्यातलं पाणी हलू देत नसे. तिच्यात दोष एकच. दुकानदाराने चुकीच्या मापाचे बूट दिले तर ती ते घालून घरी येई.

कॅप्टनच्या पदासाठी तिचं नाव आलं, तेव्हा कंपनीच्या मानसतज्ज्ञ लोबोबाईंनी तिला बोलावून सरळ सांगितलं होतं.

"तुझं विमान चालवणं पहिल्या नंबरचं. पण या वर्षात तुझ्यासाठी चोंबडीला किती वेळा बोलावं लागलं, पाहिलंस? कॅप्टनच्या खुर्चीत बसल्यावर तुझं तोंड कोण उघडणार?"

"मी सुधारेन, मॅडम."

"आणखी एकदा चोंबडी बोलली, तर हे प्रकरण मला बंद करावं लागेल. मलाही ते आवडणार नाही."

शर्वरीने सुधारण्याचा सोपा मार्ग धरला आणि पाढे पक्के केले. ते इतके पक्के झाले की घरीही सुटेनात. सासूबाईंनी "पडदे कसे वाटतात?" विचारलं की ती हसून मान डोलवी आणि आत सत्तावीस दुणे चोपन्न सुरू होई.

"तू हल्ली भांडत नाहीस," तिचा नवरा तन्मय एकदा म्हणाला. "आधीही नव्हतीस म्हणा. पण आधी निदान न भांडताना चेहरा तरी भांडल्यासारखा असायचा. आता माझ्याकडे बघतेस आणि तुझ्या डोळ्यांत हिशेब चाललेला दिसतो."

"कसला हिशेब?"

"तेच तर म्हणतोय. सांगशील तर कळेल."

त्या वेळी ती एक्क्याऐंशीवर होती.

तिच्या नावाची शिफारस करायची होती कॅप्टन अच्युत हर्डीकरांनी. तिला तयार केलं होतं त्यांनीच. उंच, गोरे, पांढऱ्या मिशांचे, आणि आवाज असा की त्यांनी "नमस्कार, मी आपला कॅप्टन" म्हटलं की प्रवासी आपोआप पट्टे बांधत. पावसाळ्यात ते निवृत्त होणार होते आणि त्यानंतर कंपनीचे परीक्षक म्हणून नव्या वैमानिकांची परीक्षा घेणार होते. चोंबडी त्यांच्या वतीने आजवर एकदाही बोलली नव्हती. शर्वरीला वाटे, या माणसाच्या मनात गिळण्यासारखं काही येतच नसावं.

*

मे महिन्यातली दुपार. नागपूर ते बंगळूर. विमानतळाची फरशी अशी तापली होती की लांबचं विमान पाण्यात उभं असल्यासारखं दिसावं.

उड्डाणाआधी वैमानिकाने विमानाभोवती एक फेरी मारायची असते. ते काम शर्वरीचं. पण हर्डीकरांनी टोपी उचलली.

"तू बस आत. या उन्हात तुला कशाला पाठवू? मी येतो फिरून."

"सर, मी जाते ना."

"बस म्हटलं ना."

ती बसली.

आता विमानाच्या पायांविषयी थोडं. विमान तळावर उभं असताना चुकूनही पाय मिटू नयेत म्हणून प्रत्येक पायात लोखंडाची एक पीन खुपसून ठेवतात. पिनेला लांब लाल फीत असते, काढायची राहिली तर दिसावी म्हणून. दोन पाय पंखांखाली, एक नाकाखाली, म्हणजे पिना तीन. त्या काढून कॉकपिटमधल्या एका पिशवीत आणून टाकल्या की पाय मोकळे. विमानाच्या अंगात सतराशे साठ सेन्सर होते. कोणत्या प्रवाशाने खिडकीची झडप खाली ओढलीय तेही संगणकाला कळे. पिनेला मात्र सेन्सर नव्हता. ती लोखंडाची कांब होती, आणि कांबेवर खर्च करायला कोणत्याच कंपनीचा हात पुढे आला नव्हता.

हर्डीकरांनी पंखांखालच्या दोन पिना काढल्या आणि ते नाकाशी आले. तिथे जमिनीवरचे इंजिनियर उराडे हातात खोका घेऊन उभे होते.

"साहेब, मुलगी झाली. संत्रा बर्फी घ्या."

"वा, उराडे. अभिनंदन. पण मला जरा गोड..."

"साहेब, पहिलीच आहे."

पहिल्या मुलीच्या बर्फीला नाही म्हणणारा माणूस नागपुरात अजून जन्मायचा आहे. हर्डीकरांच्या एका हातात दोन पिना होत्या, दुसऱ्यात बर्फी आली, आणि तिसरा हात निसर्गाने वैमानिकालाही दिलेला नाही. त्यांनी मुलीचं वजन विचारलं, नाक कोणावर गेलंय ते विचारलं, दुसरा तुकडा नको नको म्हणत घेतला आणि ते जिना चढून वर आले. त्यांच्या पाठीमागे नाकाच्या पायाला फीत लोंबत होती. उराडेंचं लक्ष खोका उन्हात वितळतोय इकडे होतं.

कॉकपिटमध्ये येऊन हर्डीकरांनी पिना पिशवीत टाकल्या. लोखंडावर लोखंड आपटल्याचा एकच आवाज झाला. शर्वरीच्या कानाला तो कमी वाटला. पिशवी तिला रोजच्यापेक्षा बारीक दिसली.

तिने यादी वाचायला घेतली. एकाने वाचायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, असा रिवाज आहे.

"पिना?"

"घेतल्या," हर्डीकर म्हणाले, खुर्ची सरकवत.

'सर, पिशवी एकदा उघडून बघू का?' हे वाक्य तिच्या गळ्याशी आलं. पण हर्डीकरांनी 'घेतल्या' म्हटलं होतं. उन्हात स्वतः जाऊन, तिला न पाठवता. त्यांच्या तोंडावर पिशवी उघडायची म्हणजे काय? दिवा लुकलुकायच्या आत तिने सत्तावीस एके सत्तावीस सुरू केलं. दहापर्यंत पोचली तेव्हा विमान धावपट्टीकडे निघालं होतं.

*

चाकं जमिनीवरून सुटली. हर्डीकर म्हणाले, "पाय वर." शर्वरीने दांडा वर ओढला.

पंखांखालचे दोन पाय मुकाट मिटले. नाकाखालून 'घ्र्र' असा आवाज आला, विमानाला एक हिसका बसला, आणि समोरच्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत मजकूर आला.

तो मजकूर लिहिणारा संगणक अतिशय तर्कशुद्ध होता. मोटरने जोर लावला, पाय हलला नाही. मोटर जळू नये म्हणून संगणकाने ती बंद केली आणि विचार केला: मोटर ठीक, वीज ठीक, तरी पाय हलत नाही, त्या अर्थी पाय वाकलेला आहे. मुळात कोणी पायात कांब ठेवून उडेल, ही शक्यता त्याला शिकवलेलीच नव्हती. त्याने लिहिलं: 'नाकाचा पाय: मोडल्याची शक्यता दाट. उतरताना कोसळेल असं धरून चाला.'

"दांडा खाली घे," हर्डीकर शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज जराही बदलला नव्हता. दोन पाय पुन्हा खाली आले, दोन हिरवे दिवे लागले. तिसऱ्या जागी पिवळा प्रश्नच राहिला.

पुढची कामं दोघांनी झपाझप केली, आणि ती करताना दोघंही उत्कृष्ट होते. टॉवरला कळवलं. नागपूरलाच परतायचं ठरलं. वजन जास्त होतं, म्हणून इंधन जाळायला विमान उमरेडच्या आकाशात गोल फिरवायला लावलं. कंपनीच्या नियंत्रण कक्षाने संगणकाचा निष्कर्ष वाचून पुढचं सगळं आखून दिलं: नाक टेकलं की कोसळणार, ठिणग्या उडणार, तेव्हा विमान थांबताक्षणी दारं उघडून सगळ्या प्रवाशांना घसरगुंडीवरून खाली ढकलायचं. धावपट्टीच्या कडेला बंब येऊन उभे राहिले.

केबिनच्या प्रमुख प्रमिला ठवकर आत आल्या. आकाशात इतकी वर्षं काढूनही त्यांची बोली नागपूरच्या जमिनीवरून उठली नव्हती.

"साहेब, लोकं विचारून राहिले."

"सांगा, खबरदारी म्हणून परत जातोय. मग खाली वाकून कसं बसायचं ते शिकवा. बूट, दागिने, चष्मे काढायला लावा. थांबल्याबरोबर घसरगुंड्या."

"ते करतो. पण पहिल्या रांगेत एक आजी आहेत, दोन्ही गुडघे नवे टाकलेले. घसरगुंडीवरून सोडलं त गुडघे वर राहतील अन् आजी खाली येतील. मागं एक पोरगी आहे, सातवा महिना. आजवर मी दोनदा लोकं असे उतरवले, साहेब. दोन्ही वेळा कोणाचं ना कोणाचं हाड मोडलंच."

"दुसरा इलाज नाही, प्रमिलाताई."

"नसंल त नसंल. मी पोरीला मधी पकडतो, आजीला मांडीवर घेतो." त्या दाराशी थांबल्या. "पाय खरंच मोडला ना पण?"

हर्डीकर म्हणाले, "संगणक तसं म्हणतोय."

ठवकर गेल्या. दार लागलं.

उत्तर शर्वरीच्या पायापाशी, पिशवीत होतं. तिथे दोन पिना असतील तर तिसरी नाकाच्या पायात आहे. आणि पायात पीन असेल तर तो मोडलेला तर नाहीच, उलट जगातला सगळ्यात भक्कम पाय आहे. हत्ती बसला तरी मिटायचा नाही. मग घसरगुंड्या नकोत, बंब नकोत, आजींचे गुडघे शाबूत. हे सगळं एका वाक्यावर अडलं होतं आणि ते वाक्य तिला येत होतं.

पण कॉकपिटमधला शब्द अन् शब्द नोंदला जातो. ते वाक्य म्हणजे, कॅप्टन हर्डीकरांनी पीन न काढता 'घेतल्या' म्हणून सांगितलं. परीक्षकाची जागा गेली. आणि 'मला तेव्हाच शंका आली होती' हे त्याच वाक्याचं शेपूट. ते आलं की शिफारस करायला ते कशाला बसतील? न बोलावं, तर एक श्वास उलटताच चोंबडी बोलणार, आणि लोबोबाई प्रकरण बंद करणार. म्हणून शर्वरी काय करत होती, तर सत्ताविसाचा पाढा म्हणत होती. दहापर्यंत जाई, पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. इतक्या भराभर तिने तो शाळेतही म्हटला नव्हता.

विमानाने उमरेडवर आणखी एक वळण घेतलं. सूर्य हर्डीकरांच्या बाजूच्या काचेतून फिरून मागे गेला आणि त्यांचा गळा सावलीत आला. तेव्हा तिला त्यांच्या पट्टीवरचा हिरवा दिवा दिसला.

दिवा लुकलुकत होता. म्हणजे गळ्यात शब्द होते. पण चोंबडी तर गप्प.

तिने नीट पाहिलं. लुकलुकण्याला ठेका होता. थोडी लुकलुक, बारीक विसावा, पुन्हा तशीच लुकलुक, पुन्हा विसावा. मध्येच एका जागी अडखळे, मग सावरून पुढे जाई. शेवटी मोठा विसावा, आणि परत आरंभापासून. तो ठेका मराठी शाळेत गेलेल्या कोणालाही झोपेत ओळखता आला असता. अंतर बघता एकोणतिसाचा असावा. सातव्या ओळीला सगळेच अडखळतात.

शर्वरी त्या दिव्याकडे बघत राहिली.

जमिनीपासून मैलभर उंचीवर, जगातल्या अत्यंत आधुनिक यंत्रात, दोन अनुभवी वैमानिक शेजारी शेजारी बसून तिसरी-चौथीची उजळणी करत होते. विमान आपलं आपण उडत होतं. मागे प्रमिलाताई आजींचे बूट काढत होत्या.

आणि तिच्या मनात आलं, की कॅप्टनच्या खुर्चीत बसल्यावर माणसाची भीड संपते असं आपण धरून चाललो होतो. ती संपत नाही. फक्त पाढा दोन घरं पुढे जातो. मग खुर्ची मिळेपर्यंत थांबण्यात काही अर्थ नव्हता.

तिने पाढा सोडला. 'सत्तावीस पाचे'पाशी, मधेच.

वाक्य लगेच वर आलं. हिरवा दिवा पेटला. आता तिच्याकडे एक श्वास होता.

"सर," शर्वरी म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "नाकाच्या पायात पीन राहिलीय. पिशवीत तुम्ही दोनच टाकल्यात. मला उड्डाणाआधीच शंका आली होती आणि मी बोलले नाही. ती माझी चूक. मी आता पिशवी उघडते."

तिने पिशवी उचलली, उलटी केली. दोन पिना मांडीवर पडल्या. तिने पिशवी झटकली. आणखी काही पडलं नाही.

हर्डीकरांनी मांडीवरच्या पिनांकडे पाहिलं. त्यांच्या गळ्यावरचा दिवा लुकलुकायचा थांबला. एकोणतीस कुठल्या तरी ओळीवर तुटला होता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. एक श्वास गेला.

स्पीकरमधून तो सपाट आवाज म्हणाला, "बर्फी घेताना राहिली."

चोंबडी कॅप्टन हर्डीकरांच्या वतीने आयुष्यात प्रथमच बोलली होती.

"हं," हर्डीकर म्हणाले. मग स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "खरं आहे. वर आल्या आल्या माझ्या लक्षात आलं होतं. वाटलं, नसेल तसं. मग हिसका बसला तेव्हा खात्रीच झाली." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "टॉवरला लाव. खात्री करून घेऊ. आपल्या दोघांच्या शंकेवर आजींना बूट परत घालायला लावता येणार नाहीत."

टॉवरमध्ये मेश्राम नावाचे नियंत्रक होते. शर्वरीने विमान टॉवरसमोरून कमी उंचीवर, सावकाश नेलं.

"मेश्राम साहेब, नाकाच्या पायाला लाल फीत दिसते का?"

"लाल नाही दिसत, मॅडम."

शर्वरीने मांडीवरच्या दोन पिनांकडे पाहिलं.

"कुठल्याच रंगाची नाही?"

"आहे ना. फीत आहे, चांगली फडफडून राहिली. पण लाल नाही म्हणता येणार. पूर्वी कधी लाल असंल, अशी आहे. आपल्याकडचं ऊन माहीत आहे तुम्हाला."

"लांब आहे?"

"वेणीएवढी. मघाशी मला वाटलं, पायाचंच काही लोंबतंय. तुम्ही विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही."

मेश्रामांच्या गळ्याला पट्टी नव्हती. कंपनीने ती फक्त कॉकपिटसाठी घेतली होती.

हर्डीकरांनी प्रवाशांसाठीचा माईक उचलला. तो बंद ठेवूनच क्षणभर हातात धरला, मग शर्वरीपुढे केला.

"तू सांग. कॅप्टनसारखं सांग."

शर्वरीने सांगितलं. पायाला काही झालेलं नाही, जमिनीवर काढायची एक पीन काढायची राहिली, चूक आमची, पाय पक्का आहे, आपण नेहमीसारखे उतरू आणि जिन्याने खाली जाऊ. मागून टाळ्या आल्या. मग प्रमिलाताईंचा आवाज आला: "आता घाला बूट. अन् आपापलेच घाला."

विमान तिने उतरवलं. मुख्य चाकं टेकली, मग नाक हळूच खाली आलं आणि नाकाचा पाय ठामपणे उभा राहिला. त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. बंब विमानाच्या दोन्ही बाजूंनी रिकाम्या हातांनी धावत आले. उराडे खाली उभे होते. त्यांनी खाली वाकून पीन ओढली, फीत हातात धरून वर कॉकपिटकडे पाहिलं, आणि काय करावं न सुचून ती पाठीमागे लपवली.

*

प्रवासी उतरले. आजी जिन्याने, एकेक पायरी, प्रमिलाताईंच्या खांद्यावर हात ठेवून. कॉकपिटमध्ये दोघंच उरले. हर्डीकरांनी गळ्याची पट्टी काढली, शर्वरीनेही काढली. काही क्षण दोघंही मान चोळत बसले.

"परीक्षकाची जागा गेली," हर्डीकर म्हणाले. "ठीक आहे. बर्फी चांगली होती."

"सर, मी पाढ्यांचंही सांगणार आहे. लोबो मॅडमना. मी इतके दिवस काय करत होते ते."

"मग पुढच्या पट्टीला पाढेही कळायला लागतील. पोरं कविता पाठ करतील." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुझं काम लांबेल. चौकशी होईल, काही महिने जातील. पण होणार. मी आज रात्रीच लिहून देतो, की या मुलीने भर आकाशात, माझ्या तोंडावर, माझी चूक सांगितली. कॅप्टनसाठी याहून मोठी शिफारस मला येत नाही. त्यांना मी परीक्षक म्हणून नको असेन, साक्षीदार म्हणून चालेन."

शर्वरीने मान डोलवली. पण या वेळी आत पाढा नव्हता. आत नुसतं रिकामं आणि हलकं होतं.

हर्डीकर तिच्याकडे वळले. उमरेडवरून फिरून आल्यावर त्यांचा आवाज जरा उतरला होता, पण अजूनही पट्टे बांधावेसे वाटतील असा होता.

"आणि एक. इतकी वर्षं तू माझ्या शेजारी बसलीस. माझ्याबद्दल तुझ्या मनात जे काही साठलं असेल, तू आजवर जे काही गिळलं असशील, ते आज बोलून टाक. मी मोठा, तू लहान, हे सगळं आज बाजूला. माझ्या शिकवण्यात, वागण्यात, उडवण्यात, कशातही असो. मी शांतपणे ऐकून घेईन. आज बोलली नाहीस तर परत कधी बोलणार?"

शर्वरीने त्यांच्याकडे पाहिलं, मग समोरच्या काचेकडे. तिने मोठा श्वास घेतला. हर्डीकर खुर्चीत ताठ बसले.

"सर, तुमच्या डोक्यावरचा तो एसीचा झोत जरा तिकडे वळवाल का? सरळ माझ्या कानात येतो."